मॅनेजरची खोली

५ जून

आत्या,

पोचले, जेवले, झोपले. तब्येत ठीक, अभ्यास सुरू, सगळ्यांना नमस्कार. घरात मोठ्याने वाचून दाखवायचा भाग इथे संपला. इथून पुढचं फक्त तुला. फोनवर हे जमत नाही, कारण आपल्या घरातला फोन आधी बाबांकडे जातो, मग आईकडे, मग आजोबांकडे, आणि तुझ्या हाती येईपर्यंत माझं बोलणं शिळं झालेलं असतं.

तर सध्या मी उंट आणि बुलबुल यांच्या फ्लॅटवर पथारी टाकली आहे. दोघी तुला माहीतच आहेत. शाळेच्या मागच्या बाकावर बसून आम्ही तिघींनी ठरवलं होतं की कॉलेजात गेलो की एकत्र राहायचं. उंट अजून वाढतेच आहे असा माझा संशय आहे, आणि बुलबुल अंघोळीत, स्वयंपाकात, पाठ करताना, सतत गाते. फ्लॅट सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. तीन खोल्या, एक गॅलरी, आणि एक नळ जो उघडला तर बंद होत नाही.

दुसरीकडे कॉलेजच्या वसतिगृहात माझा नंबर लागला आहे. एकटीची खोली, तिसरा मजला, आणि भाडं फ्लॅटच्या वाट्यापेक्षा बरंच कमी. घ्यायची की नाही ते तीस तारखेपर्यंत कळवायचं आहे.

मला वाटतं वसतिगृहच घ्यावं. स्वस्त आहे ना. मैत्रिणींबरोबर राहता आलं असतं तर मजा आली असती, पण बाबांवर किती ओझं टाकायचं? मला काही वाईट वाटत नाही. खरंच काही वाईट वाटत नाही.

आपल्याकडचं कुणी नव्या खोलीत गेलं की पडदा तू शिवायचास हा तुझा कायदा, म्हणून माप पाठवते. वसतिगृहाची खिडकी चार फूट रुंद, साडेचार फूट उंच. वर लाकडी दांडी आहे, तिच्यापासून जमिनीपर्यंत सात फूट. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं, तेव्हा कापड फार जाड नको. टेबल खिडकीलाच लागून आहे. दात कोरायला ते बरं पडेल.

हो, दात. कवळ्या बनवायचं शिक्षण म्हणजे थेट कवळीच हातात देतील असं मला वाटलं होतं. पहिलं वर्षभर नुसते मेणाचे ठोकळे कोरून एकेक दात घडवायचा आहे. सध्या वरच्या दाढेवर माझी गाडी अडली आहे.

तुझी,
ठकी

१० जून

ठके,

पत्र मिळालं. पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, सगळे खूश झाले. बाकीचं मशीनवर बसून वाचलं. म्हणजे एका पायाने मशीन चालवत, आणि पॅसेजमधून जाणाऱ्या प्रत्येकाला वाट देत. माझं मशीन पॅसेजमध्ये असल्यामुळे या घरात कुणाला कुठेही जायचं असेल तरी माझ्या कापडावरून जावं लागतं. तुझ्या आजोबांनी कालच एका गिऱ्हाइकाच्या पडद्यावर चपलेचा ठसा उमटवला, आणि वर म्हणाले, नक्षी छान आहे.

आता तुझ्याकडे वळते. "मला काही वाईट वाटत नाही" हे तू लागोपाठ दोनदा लिहिलं आहेस. आत्याला इतकी भोळी समजू नकोस. लहानपणी पडलीस की तू रडायच्या आधी हेच म्हणायचीस.

मैत्रिणींबरोबर राहायचं हे वय पुन्हा येत नाही. चार पैसे वाचवून एका कोंदट खोलीत भिंतीकडे बघत बसायचं हे माझ्या भाचीच्या नशिबी यावं आणि मी इथे दुसऱ्यांच्या खिडक्या सजवत बसावं, हे मला चालायचं नाही. तुझ्या बाबांना यातलं काही बोलू नकोस. पैशाचं मी बघते.

तू फक्त एक कर. फ्लॅटमध्ये तुझी खोली कुठली असेल तिच्या खिडकीचं माप पाठव. वसतिगृहाचं माप विसर.

वरची दाढ माझी काढलेली आहे, नाहीतर नमुन्याला पाठवली असती.

आत्या

१४ जून

आत्या,

अगं थांब! पैशाचं बघू नकोस. काहीही बघू नकोस. तुझं पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली.

वसतिगृह कोंदट नाही. कोण म्हणालं कोंदट? तिथे वाचनालय आहे, बाग आहे, आठवड्यातून तीनदा गरम पाणी आहे. जेवणही बरं असतं असं ऐकते. शिवाय कॉलेज आवारातच, म्हणजे बसचा खर्च नाही. सगळ्या बाजूंनी तेच शहाणपणाचं आहे.

इकडे मजेत चाललंय. मला इथे नाव पडलंय, मॅनेजर. सकाळी दोघींना उठवायचं काम माझं. उंटाला पाय ओढून उठवावं लागतं, आणि बुलबुलला पांघरूण ओढून, चुकून उलटं केलं तर दोघी दिवसभर फुगतात. किल्ली रोज हरवते, ती मी शोधते. घरमालक फक्त माझ्याशी बोलतो, कारण उंट त्याच्यावर ओरडते आणि बुलबुलला त्याच्यासमोर हसू येतं. भांडण झालं की दोघी माझ्याकडे निवाड्याला येतात, एकीच्या बाजूने दिला की दुसरी जेवत नाही. परवा नळाला मी चिंधी बांधली तर टाळ्या वाजवल्या त्यांनी. काल मी दोन दिवस खपून कोरलेली दाढ खिडकीत ठेवली होती, तर बुलबुलने दिवे गेल्यावर मेणबत्तीचा तुकडा समजून ती पेटवायला घेतली. वात सापडेना म्हणून माझ्याकडेच घेऊन आली, "मॅनेजर, हिची वात कुठे गेली?" हसून हसून पुरेवाट झाली. मग मी ती दाढ पुन्हा कोरायला बसले.

फ्लॅटच्या खिडकीचं माप आत्ता पाठवता येत नाही. टेप सापडत नाहीये.

तुझी,
ठकी

१९ जून

ठके,

पेढ्याने तोंड गोड कर, कारण बातमीच तशी आहे.

गावाबाहेर नवं सभागृह होतंय ना, त्याच्या रंगमंचाचा मुख्य पडदा मी घेतला! गर्द तांबडी मखमल, दोन मजले उंच. आजवर मी हे काम घ्यायला बिचकत होते, पण तुझं पत्र वाचलं आणि सरळ जाऊन हो म्हणून आले. आगाऊ रक्कमही मिळाली. तुझ्या फ्लॅटचा जो काही वरचा भार आहे तो वर्षभर मी उचलणार. पैसे कालच तुझ्या खात्यावर टाकले आहेत. परत पाठवायचा विचारही करू नकोस, मी रुसेन.

तुझी चलाखी माझ्या लक्षात आली बरं का. मला ओझं नको म्हणून वसतिगृहाच्या गरम पाण्याचं कौतुक करतेस. पण पुढे मैत्रिणींबद्दल लिहायला बसलीस तशी पानभर लिहीतच गेलीस. किती जीव लावतात त्या तुला! तुझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही. अशा घरातून तुला उठवून आणायचं पाप मी करणार नाही.

आणि तू संकोचाने काही बोलणार नाहीस हे ओळखून मी उंटालाही एक पत्र टाकलं आहे. ठकी येतेय, पैशाची अडचण मिटली, असं कळवलं. आता टेप सापडला की माप पाठव.

मखमल घरात आल्यापासून पॅसेज बंद झाला आहे. तुझे बाबा खिडकीतून ये-जा करायचं म्हणतात. हा प्रश्न मला सोडवावा लागेल, पण तो माझी मी सोडवते.

आत्या

२२ जून

आदरणीय आत्याबाई,

मी उंट. तुमचं पत्र आलं आणि आम्ही दोघींनी गॅलरीत उड्या मारल्या. खालच्या सायकलवाल्या काकांनी वर बघून विचारलं की छत पाडायचं आहे का.

आत्याबाई, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. पैशामुळे मॅनेजर जाणार म्हणून आम्ही दोघी किती कासावीस झालो होतो! आम्ही तर ठरवलं होतं की तिचा वाटा आम्ही थोडा थोडा उचलू. आता तेही नको. मोठी खोली तिलाच द्यायची असं एकमताने ठरलं आहे. (एकमत तिच्याशिवाय झालं, ती कॉलेजात होती.) दारावरच्या पाटीवर आम्ही तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं आहे.

ती नसेल तर आमचं काय होईल याची कल्पनाच करवत नाही. गेल्या रविवारी ती दुपारभर कुठे गेली होती, तेवढ्यात आमचं दूध उतू गेलं, घरमालक येऊन गेला आणि बुलबुल बाथरूममध्ये अडकली. नंतर कळलं की मॅनेजर वसतिगृहाच्या बागेत एकटीच बसली होती. बहुतेक त्या जागेचा निरोप घेत असावी. फार हळवी आहे ती. आम्ही पाटी दाखवली तेव्हाही तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. आनंदाने असं होतं कधीकधी.

तुमची आज्ञाधारक,
उंट

२४ जून

आत्या,

आता खरं लिहिते. लिहिल्यावाचून सुटका नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी मिळून मला प्रेमाने कोपऱ्यात गाठलं आहे.

मला वसतिगृहातच राहायचं आहे. स्वस्त आहे म्हणून नाही. फुकटात फ्लॅट मिळाला तरी मला तिथेच राहायचं आहे. खर्चाचं मी नुसतं पुढे केलं. पैसे नाहीत म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही असं मला वाटलं होतं. मला काय माहीत की तू रंगमंचाचा पडदा शिवायला घेशील!

पहिल्याच दिवशी वसतिगृहाच्या बाईंनी मला ती खोली उघडून दिली, बघून घे म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या. मी पलंगावर बसले. आत्या, मला कुणी हाक मारली नाही. किल्ली कुठे आहे कुणी विचारलं नाही. पिशवीत मेणाचा ठोकळा होता तो मी काढला आणि टेबलाशी बसून कोरायला घेतला. बाई परत आल्या तेव्हा माझी दाढ निम्मी झाली होती. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. खिडकीचं माप मी तेव्हाच घेतलं, त्यांच्याकडूनच टेप मागून.

उंट आणि बुलबुल मला जिवापाड आवडतात. पण त्यांच्यात राहिले की मी मॅनेजरच असते. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? कधीकधी मला वाटतं, त्यांना मी हवी आहे की किल्ली शोधणारी हवी आहे? उद्या मी काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले, तर त्यांना मी आवडेन का? हे तपासून बघायची मला भीती वाटते. मी जाते म्हटलं आणि त्यांनी दुसरी मॅनेजर शोधली तर?

दारावर माझं नाव लावलंय त्यांनी. रंगीत खडूने. तुझे पैसे खात्यात आहेत. मखमल घरात आली आहे. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू? काय करू ते सांग, लवकर सांग. तीस तारीख जवळ आली.

ठकी

२७ जून

ठके, वेडे,

पोस्टावर भरवसा न ठेवता हे कुरिअरने टाकते आहे.

तुझ्या आधी उंटाचं पत्र आलं होतं, आणि वसतिगृहाच्या बागेचं वाक्य वाचून माझी सुई थांबली. मग तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. अगं, माझ्या धंद्यातली साधी गोष्ट आहे. ज्याला खोली आवडलेली असते तो माप घेऊनच दुकानात येतो. ज्याला नसते आवडली तो म्हणतो, तुम्हीच अंदाजाने शिवा. वसतिगृहाच्या खिडकीचं माप तू न मागता पाठवलंस, फ्लॅटचं मी दोनदा मागितलं तर तुझा टेप हरवला. एवढी वर्षं पडदे शिवून मला हे दिसू नये म्हणजे कमाल झाली. माझं प्रेम आडवं आलं, दुसरं काय.

मखमलीचं मनावर घेऊ नकोस. तुला एक गंमत सांगते, घरात अजून कुणाला कळलेली नाही. पॅसेजमध्ये कापड मावत नाही म्हणून मी वाण्याच्या दुकानामागची रिकामी खोली भाड्याने घेतली. मशीन तिकडे हलवलं. पहिल्या दिवशी आत गेले आणि आधी काय केलं असेल? कडी लावली. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी लावली. मग मखमलीवर बसून चहा प्यायले, गरम. पॅसेजमध्ये मी कधी गरम चहा प्यायले असेन तर आठवत नाही. काल वहिनी म्हणाली, "ताई, पडदा झाला की परत घरीच शिवाल ना?" मी म्हणाले, "बघू, पुढचं कामही मोठंच आहे." पुढचं काम उशांच्या अभ्र्यांचं आहे.

म्हणजे तू म्हणालीस पैसे नाहीत, मी म्हणाले कापड मावत नाही. आपण दोघी एकाच माळेचे मणी. त्यामुळे तुला रागवायला मला तोंडच राहिलेलं नाही.

आता काय करायचं ते ऐक. दोघींना समोर बसवून सांग. पत्र नको, चिठ्ठी नको. आणि त्यात पैशाचं अक्षरही काढू नकोस. पैशाचं नाव काढलंस की प्रेमळ माणसं आणखी प्रेमळ होतात आणि सुटायची वाट बंद होते, हे तू पाहिलंसच. सरळ म्हण, मला एकटीची खोली हवी आहे. त्यांच्या कपबशा धुताधुता सांगू नकोस. हात रिकामे ठेवून सांग.

चिडतील. चिडू दे. तुला जी भीती वाटते ती खरी ठरली तर मी बसने येईन आणि तुझ्या त्या खोलीत तुझ्याशेजारी बसेन. पण मला नाही वाटत तशी वेळ येईल. दारावरचं नाव किल्ली शोधणारीचं असतं, तर त्यांनी नुसतं "मॅनेजर" लिहिलं असतं. काय लिहिलंय ते नीट बघून ये.

आत्या

१४ जुलै

आत्या,

पडदा मिळाला. दांडीवर नेमका बसला. फिक्या पिवळ्या कापडातून सकाळचं ऊन टेबलावर येतं तेव्हा मेणाचे दात खरे वाटायला लागतात. वरची दाढ पास झाली. सरांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, चावता येईल. त्यांच्या तोंडून एवढंच स्तुती म्हणून निघतं.

तुझे पैसे आज परत टाकले आहेत. वाण्यामागच्या खोलीच्या भाड्याला लाव. रुसलीस तर कडी लावून रूस.

आता तिकडचं. तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी दोघींना गॅलरीत बसवलं. हात रिकामे होते, त्यामुळे त्यांचं काय करायचं ते मला कळेना. सांगितलं. बुलबुलचं गाणं मधेच थांबलं. उंट म्हणाली, "म्हणजे आमचं ओझं होतं तुला."

मी नाही म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हणाले, "हो, थोडं होतं."

ती उठून आत गेली. मी सामान बांधलं तेव्हा बुलबुलने मुकाट्याने पिशवी धरली, आणि उंटाने दार आतून लावून घेतलं. बाहेर पडताना मी पाटी बघितली. तू सांगितलंस तशी नीट बघितली. माझं नाव लिहिलं होतं, शाळेतलं, पूर्ण, आडनावासकट. मी जिन्यातच रडले. सायकलवाल्या काकांनी पाणी दिलं.

नंतर बरेच दिवस त्यांच्याकडून काही नाही. कॉलेजच्या फाटकाशी उंट दिसली तर दुसऱ्या बाजूला बघायची. एवढी उंच मुलगी दुसऱ्या बाजूला बघते तेव्हा सगळ्यांनाच दिसतं. खोलीत शांतता होती, जशी मला हवी होती तशी, आणि मी तिच्यात बसून मुसमुसत दात कोरत होते. चुकले असं मात्र एकदाही वाटलं नाही. फक्त त्या दोघी हव्या होत्या.

मग काल दुपारी वसतिगृहाच्या दारात बुलबुल उभी. "चल," म्हणाली, "तुला बोलावलंय." कुणी ते सांगितलं नाही.

मी जिना चढले आणि पहिल्यांदाच त्या दाराची घंटा वाजवली. दार उंटाने उघडलं. घर तसंच, पण किल्ली दाराशेजारी खिळ्याला लटकत होती, आणि नळाला माझी चिंधी नव्हती, नवी तोटी होती. म्हणाली, "घरमालकाशी मी बोलले. ओरडले नाही. थोडीशीच ओरडले." बुलबुल म्हणाली की पहिल्या आठवड्यात दोघी तीनदा बाहेर अडकल्या, एकदा सायकलवाल्या काकांच्या शिडीवरून खिडकीतून शिरल्या, मग खिळा ठोकला.

चहा त्यांनी केला. साखर सापडेना म्हणून दोघी डबे उघडत होत्या. साखर कुठे आहे ते मला माहीत होतं. मी उठायला लागले तर उंट म्हणाली, "बस गं. कुठे चाललीस? पाहुणी आहेस." मी बसले. हात मांडीखाली दाबून बसले, कारण ते आपोआप उठत होते. त्यांना साखर सापडेपर्यंत चहा निवला. तो आम्ही तसाच प्यायलो.

संध्याकाळपर्यंत मी तिथे होते. एक कपसुद्धा उचलला नाही. त्यांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, पंख्यावरून, आणि मी कुणाचीच बाजू न घेता बिस्किट खात राहिले. ते आपोआप मिटलं. मला वाटत होतं आता या कंटाळतील, आता काहीतरी काम सांगतील. आम्ही नुसत्या बोलत होतो. उंटाने मधेच, माझ्याकडे न बघता, "तू गेलीस तेव्हा फार राग आला होता" असं म्हटलं, आणि माझ्या ताटलीत तिचं बिस्किट ठेवलं.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "पुढच्या रविवारी पण ये."

सवयीने तोंडातून निघून गेलं, "का गं? काही काम आहे का?"

"नाही," ती म्हणाली, "काही नाही. नुसतीच ये."

तुझी,
ठकी